ॲप काढलं तरी पैसे जातातच

मंडळी, नको असलेल्या वर्गण्या शोधून बंद करायच्या असतील, तर सुरुवात मोबाइलपासून करू नका, बँकेच्या स्टेटमेंटपासून करा. तेही तीन महिन्यांचं नको, तेरा महिन्यांचं घ्या. वार्षिक वर्गणी वर्षातून एकदाच कापली जाते, ती तीन महिन्यांत दिसणारच नाही. घरात जितकी खाती आणि क्रेडिट कार्डं, तितकी स्टेटमेंट्स. बाबांच्या कार्डावर एक, मुलीच्या यूपीआयवर दुसरी, अशी एकाच ओटीटीची दोन खाती निघतात. वर ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये तेच ओटीटी आलेलं असतं, ते कुणी सुरूच केलेलं नसतं!

ॲप डिलीट केलं की वर्गणी थांबते, हा सर्वांत महागडा गैरसमज. पैसे ॲपमुळे जात नाहीत, मॅन्डेटमुळे जातात, म्हणजे पैसे आपोआप कापायला तुम्ही एकदा दिलेल्या मंजुरीमुळे. यूपीआयचे मॅन्डेट यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’मध्ये दिसतात, तुम्ही वापरता ती सगळी ॲप्स तपासा. कार्डावरचे बँकेकडे किंवा प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. जिम आणि क्लासचे हप्ते बहुधा ‘नॅच’ने, म्हणजे बँकांच्या आपोआप वसुलीच्या यंत्रणेतून, थेट खात्यातून.

क्रम महत्त्वाचा. आधी कंपनीकडे वर्गणी रद्द करा, स्क्रीनशॉट ठेवा, मग मॅन्डेट रद्द करा. नुसता मॅन्डेट उडवला तर करार तसाच राहतो आणि जिमवाला थकबाकी मागत दारात उभा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर 2021पासून कार्ड आणि यूपीआयच्या मॅन्डेटवर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. त्या वेळात तो हप्ता किंवा अख्खा मॅन्डेट नाकारता येतो. पण 15,000 रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, आणि सूचनेचा मेसेज जाहिरातींच्या ढिगात हरवतो. एक रुपयाच्या ट्रायलला पिन टाकताना वरची कमाल रक्कम वाचा. मंजुरी तुम्ही त्या रकमेला देताय, एका रुपयाला नाही.

वार्षिक प्लॅन स्वस्त असतो, हे लोकलच्या पासावर ताडून बघा. त्रैमासिक पास मासिकाच्या 2.7 पट, म्हणजे नऊएक दिवसांचा फायदा. मे महिन्यात दोन आठवडे कोकणात गेलात की तो फायदा गेला. वर्षभराच्या ओटीटीचं गणितही तेच: किती महिने खरंच पाहता?

विम्याच्या हप्त्याला मात्र हात लावू नका. आरोग्य विमा खंडित झाला तर जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधीची प्रतीक्षा-मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

रद्द करायचं बटणच सापडत नसेल, तर ती तुमची चूक नाही. नोव्हेंबर 2023च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ला मनाई आहे. स्क्रीनशॉट हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन लावा.