दोन खांबांमधलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

वरळी कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होडी बाहेर काढायची, तर वाट अरुंद आणि आजूबाजूला खडक. मुंबईचा किनारी रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना नेमके याच वाटेवर पुलाचे खांब येणार होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर पुरेसं आहे, असं महापालिका तज्ज्ञांच्या हवाल्याने सांगत होती. कोळी म्हणत होते, पुरणार नाही.

साठ मीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. होडीची रुंदी ती कितीशी! पण तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, नुसती रुंदी बघत नाही. उधाणाला पाण्याची ओढ किती, वारा आडवा लागला तर होडी कुठे सरकते, खांबावर आपटून परतणारी लाट तिला कुणीकडे लोटते, ऐन खडकांत इंजिन बंद पडलं तर सावरायला जागा किती उरते, हा त्याचा हिशेब. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या दिवसांत सोपी वाटणारी वाट अमावास्या-पौर्णिमेला वेगळीच होते. शिवाय २००९ साली खुल्या झालेल्या सागरी सेतूखालून ये-जा करण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच.

माझ्या मते हे सरळसरळ ज्ञान आहे. सरकारी कागदांत मात्र त्याची नोंद ‘हरकत’ म्हणून होते, आणि हरकत म्हटली की ती लवकरात लवकर निकाली काढायची घाई असते.

शेवटी कोळ्यांनी होड्या समुद्रात नेऊन काम अडवलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचं जाहीर केलं. कोळ्यांची मागणी याहूनही मोठी होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथे १३६ मीटर लांबीची पोलादी कमान बसली. म्हणजे अभियंत्यांना हे जमण्यासारखं होतं! मग माणसांना रोजचा धंदा सोडून महिनोन्‌महिने का झगडावं लागलं?

खांबाचा पाया किती खोल न्यायचा, हे तांडेल सांगू शकणार नाही; तिथे अभियंताच हवा. पण खांब कुठे उभा राहणार, हे ठरताना तांडेल नकाशासमोर हवा, तोही रेघा पेन्सिलीच्या असताना.

आता किनारी रस्ता वर्सोव्याहून उत्तरेकडे जायचा आहे. त्या पट्ट्यातही कोळीवाडे आहेत, खाड्या आहेत. तिथल्या अभियंत्यांनी जागा पक्क्या करण्याआधी तांडेलांबरोबर त्या पाण्यात जावं, भांगाला आणि उधाणाला, दोन्ही वेळा. आणि तांडेल काय म्हणाले, ते अहवालात ‘हरकती’ या सदराखाली न टाकता पाहणीच्या प्रकरणातच लिहावं.