ब्रुकवूडची आगगाडी, वोकिंगची भट्टी आणि आपलं मंडळ

(इंग्लंडमधल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

जेवणाआधी मर्तिकाचा विषय नको, असं कार्यकारिणीत एकदोघांनी सुचवलं, म्हणून मला जेवणानंतरची वेळ मिळाली आहे. आता झोप लागली तर दोष विषयाला देऊ नका, पुरणपोळीला द्या.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून नैर्ऋत्येला जाणारी गाडी पकडली की वोकिंगच्या पुढचं स्टेशन ब्रुकवूड. तिथे उतरल्यावर लगेच जी झाडी सुरू होते ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी दफनभूमी. आजवर सव्वादोन लाखांहून अधिक माणसं तिथे विसावली आहेत. आणि तिथून जवळच, सेंट जॉन्स भागात, या देशातलं पहिलं क्रेमेटोरियम, म्हणजे दहनगृह, आहे. आपण इथे आपल्या माणसांना अग्नी देऊ शकतो, त्याची सुरुवात त्या भट्टीपासून झाली.

आधी दफनभूमीचं सांगतो. 1848-49 च्या पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसं दगावली. चर्चच्या आवारातल्या जागा आधीच भरून वाहत होत्या. जुनी प्रेतं उकरून नव्यांना जागा करावी लागत होती. 1852 मध्ये पार्लमेंटने कायदा करून ‘लंडन नेक्रोपोलिस’ नावाच्या कंपनीला परवानगी दिली. कंपनीने लॉर्ड ऑन्स्लो यांच्याकडून वोकिंगच्या माळरानावर दोन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. हेतू असा की लंडनचे मृत शहराबाहेर न्यायचे, तेही आगगाडीने.

ही आगगाडी खरोखर धावली, नोव्हेंबर 1854 पासून. पहिलं दफन 13 नोव्हेंबरला झालं, लंडनच्या सदर्क भागातल्या एका गरीब जोडप्याच्या जन्मतःच मृत जुळ्यांचं. गाडीत तीन वर्ग होते, जिवंतांसाठी आणि मृतांसाठीही. नातेवाइकांचं तिकीट परतीचं आणि शवपेटीचं अर्थातच एकेरी: पहिल्या वर्गाला एक पौंड, तिसऱ्याला अडीच शिलिंग. शिवाय अँग्लिकनांचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचे, डबे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे, आणि दफनभूमीत स्टेशनंसुद्धा दोन. रेल्वेने प्रेतं नेण्याची कल्पना पुढे आली तेव्हाच, 1842 मध्ये, लंडनचे बिशप ब्लोमफिल्ड यांनी हरकत घेतली होती की सभ्य माणसाचं प्रेत आणि दुराचाऱ्याचं प्रेत एकाच गाडीतून जाणं बरं नव्हे. सोवळं-ओवळं फक्त आपल्याकडेच असतं असं समजणाऱ्यांनी ही गाडी आठवावी. पण कंपनीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. गावाच्या खर्चाने पुरलेल्या निर्धनालाही इथे स्वतंत्र खड्डा मिळे. त्या काळात गरिबांची प्रेतं एकाच खड्ड्यात एकावर एक ठेवण्याची रीत सर्रास होती.

कंपनीने मात्र हिशेब चुकीचा केला होता. अवघं लंडन आपल्याकडे येईल असं तिला वाटलं, प्रत्यक्षात अपेक्षेच्या मानाने फार थोडे मृत आले. मग जमीन विकायला काढली. कुणी तुरुंगासाठी घेतली, कुणी मनोरुग्णालयासाठी. आजचं वोकिंग गाव बरंचसं त्या विकलेल्या जमिनीवर वाढलं आहे. ज्याला स्वतःचा वेगळा तुकडा हवा त्याला तो मिळायचा, मग तो एखादा पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग) असो, एखादी संस्था असो की परका धर्म असो. ब्रुकवूडच्या उदारतेचं कौतुक पुष्कळ होतं. माझं मत विचाराल तर तिथलं दार उदारतेने कमी आणि धंद्याच्या ओढीने जास्त उघडलं. आत गेलेल्यांना त्याने काही फरक पडला नाही.

त्यांत पहिल्या काही जणांमध्ये होते आपले मुंबईचे पारशी. 1861 मध्ये त्यांनी लंडनमध्ये संस्था काढली, संस्थापकांत दादाभाई नौरोजी. आणि लगेच पुढच्या वर्षी, 1862 मध्ये, ब्रुकवूडला जागा घेतली. दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याचा मनोरा, इथे शक्य नव्हता, म्हणून दफन पत्करलं. मूठभर माणसं होती हो ती! तरी परदेशात एकत्र आल्याबरोबर त्यांनी हे काम हाती घेतलं. याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्या पारशी भागात टाटा कुटुंबाच्या समाधी-इमारती आहेत. जमशेटजी 1904 मध्ये जर्मनीत वारले, ते इथे आहेत. त्यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा 1918 मध्ये कॉर्नवॉलला वारले, तेही इथेच. थोरले पुत्र दोराबजी यांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजी त्यांच्या समाधीच्या दर्शनाला निघाले आणि वाटेतच जर्मनीत वारले. आता दोघं शेजारी आहेत. दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने 1941 मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल उभं केलं. आपल्यातल्या कितीतरी घरांनी त्या हॉस्पिटलची पायरी चढली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता भट्टीकडे येतो. राणी व्हिक्टोरियाचे शल्यवैद्य सर हेन्री थॉम्पसन यांनी 1873 च्या व्हिएन्नातल्या प्रदर्शनात दहनयंत्राची प्रतिकृती पाहिली. 1874 मध्ये त्यांनी दहनाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन केली. 1878 मध्ये त्याच नेक्रोपोलिस कंपनीकडून वोकिंगला जागा घेतली आणि इटलीच्या प्राध्यापक गोरिनी यांच्याकडून भट्टी बांधून घेतली. मार्च 1879 मध्ये चाचणी म्हणून एक घोडा जाळला. वोकिंगकर खवळले, तक्रार गृहमंत्र्यांपर्यंत गेली आणि दहनाला मनाई झाली. भट्टी तयार, पण सहा वर्षं थंड.

इटलीचं नाव निघालं म्हणून एक आडवळण घेतो. कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोप पाहून परतताना नोव्हेंबर 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले, जेमतेम विशीत. तिथल्या अधिकाऱ्यांनी आर्नो नदीच्या काठी रात्री दहनाची परवानगी दिली. त्या जागी त्यांचं स्मारक आहे, आणि जवळचा पूल ‘भारतीयाचा पूल’ म्हणूनच ओळखला जातो. वोकिंगच्या पहिल्या दहनाच्या पंधरा वर्षं आधी युरोपात एका मराठी राजाला रीतसर अग्नी मिळाला होता. इथल्या कोल्हापूरकरांनी ही माहिती मिरवायला हरकत नाही.

इंग्लंडची कोंडी फोडली वेल्समधल्या विल्यम प्राइस नावाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या डॉक्टरने. हे स्वतःला प्राचीन ड्रुइड पंथाचे म्हणवत. जानेवारी 1884 मध्ये त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाचं प्रेत टेकडीवर जाळायला घेतलं आणि त्यांना अटक झाली. न्यायमूर्ती स्टीफन यांनी निकाल दिला की सार्वजनिक उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणं हा गुन्हा नाही. हे स्टीफन म्हणजे पूर्वी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य. 2024 पर्यंत भारतात लागू असलेला, आपल्या वकिलांना तोंडपाठ असलेला 1872 चा भारतीय पुरावा कायदा त्यांनीच रचला.

26 मार्च 1885 रोजी वोकिंगला श्रीमती पिकर्सगिल यांचं पहिलं दहन झालं. त्या अख्ख्या वर्षात दहनं झाली तीन. दहा वर्षांनी कार्ल मार्क्सचे सहकारी फ्रीडरिश एंगेल्स यांना इथेच अग्नी मिळाला आणि त्यांची रक्षा समुद्रात सोडली. 1902 मध्ये दहनाचा कायदा झाला, त्याच वर्षी गोल्डर्स ग्रीनचं क्रेमेटोरियम उघडलं, आणि 1968 मध्ये देशात दहनांनी दफनांना मागे टाकलं.

ब्रुकवूडचं लंडनमधलं स्टेशन एप्रिल 1941 मधल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं आणि ती आगगाडी बंद पडली. वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर 121 क्रमांकाची कंपनीची इमारत अजून उभी आहे. दफनभूमी 2014 मध्ये वोकिंग कौन्सिलने विकत घेतली, आणि 2023 मध्ये कौन्सिलनेच आपण आर्थिकदृष्ट्या कोलमडल्याचं जाहीर केलं. त्या जमिनीच्या मालकांना पैशाची बरकत नाही, एवढंच म्हणतो.

आता पारशांकडे परत. त्यांनी संस्था काढल्यावर वर्षभरात अंत्यविधीची सोय केली. आपल्या मंडळात गणेशोत्सवाची समिती आहे, सहलीची आहे, दिवाळी अंकाची आहे. पण एखाद्या घरात मध्यरात्री माणूस गेला, तर त्या घराने फोन कुणाला करायचा? आज जो तो आपापल्या ओळखीवर निभावतो. नवीन आलेल्या कुटुंबाला तर ओळखीही नसतात.

म्हणून माझा प्रस्ताव आहे: चार-पाच जणांची एक समिती. काम फार नाही, पण नेमकं हवं. सप्टेंबर 2024 पासून इंग्लंड-वेल्समध्ये प्रत्येक मृत्यूचा दाखला मेडिकल एक्झॅमिनर (मृत्यूचं कारण तपासणारे डॉक्टर) किंवा कॉरोनर (मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) यांच्या नजरेखालून जातो, त्यामुळे विधीची तारीख लगेच हाती येईलच असं नाही. हे घरच्यांना आणि भारतातल्या नातेवाइकांना शांतपणे समजावणारं कुणी हवं. भट्टीपर्यंत जाऊन दहन सुरू करणारं बटण दाबायची परवानगी अनेक क्रेमेटोरियम देतात, पण ती आधी मागावी लागते. गुरुजींचे नंबर हवेत. रक्षा विमानाने नेताना दहनाचा दाखला सोबत हवा आणि कलश क्ष-किरण तपासणीत आतलं दिसेल असा हवा, धातूचा नको. आणि पहिले काही दिवस त्या घरी डबा पोचवणारे हात हवेत.

डबा द्यायला आपल्याकडे तयार माणसं पुष्कळ आहेत. कागदपत्रं बघणारी दोन आणि रात्री फोन उचलणारी दोन माणसं हवी आहेत. चिटणीस दाराशी वही घेऊन बसल्या आहेत, नावं त्यांच्याकडे द्या. पहिलं नाव माझं लिहून झालंय, कागदपत्रांच्या रकान्यात.