फाइल कुठे तोडावी?

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक. विषय पत्रिकेत छापलाय तोच: मराठी मजकुराची फाइल पायथॉनने, म्हणजे त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने, हव्या त्या लांबीवर कापणे. काम दोन ओळींचं, म्हणून आयोजकांनी मला चाळीस मिनिटं दिली आहेत.

त्याआधी एका रात्रीची गोष्ट. ज्यांनी ऐकलीय त्यांनी खुशाल चहा घेऊन यावा. नोकरी नवी, सर्व्हर लिनक्सचा, रात्री दोनला फोन: डिस्क भरली. बघतो तर एकच लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची नोंदवही, चाळीस जीबीची. मी रुबाबात 'आरएम' मारलं, म्हणजे फाइल उडवायची आज्ञा. फाइल दिसेनाशी झाली. डिस्क किती भरलीय ते सांगणारं 'डीएफ' बघितलं, तर डिस्क तशीच शंभर टक्के! पुन्हा बघितलं. अहो, आपण बघितल्याने आकडा हलतो होय? तोवर साहेबांना मात्र सांगून बसलो होतो, की झालं काम.

गेलं होतं ते फाइलचं नाव. फाइल प्रोग्रॅमने उघडून धरली होती, आणि तो सोडत नाही तोवर लिनक्स ती जागा परत देत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून भाडेकरू खोली सोडतो का? (हसताय, म्हणजे वाडा होता तुमचा.) शेवटी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे जागा सुटली.

पुढच्या खेपेला शहाणा झालो. फाइल उडवायची नाही, 'ट्रंकेट' करायची, म्हणजे दिलेल्या लांबीवर कापायची. सुरुवातीचे दहा एमबी तपासणीसाठी हवे होते. (ट्रंकेट डोकं ठेवतो, शेपूट कापतो. लॉगमध्ये बहुतेक वेळा शेपूटच हवं असतं, ते दुःख वेगळं.) तर मी फाइल उघडली 'डब्ल्यू' मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी. हा मोड उघडता उघडताच फाइल शून्यावर आणतो! हवा होता 'आर प्लस', जो आधीचं न पुसता वाचू-लिहू देतो. वर तो प्रोग्रॅम 'अपेंड'मध्ये, म्हणजे दर वेळी फाइलच्या शेवटी जोडत, लिहीत नव्हता. त्याने पुढची ओळ आपल्या जुन्या जागेवर, चाळीस जीबीच्या पुढे लिहिली. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'मध्ये आकार पुन्हा चाळीस जीबी, मधे सगळी पोकळी. डिस्कवर जागा जवळजवळ शून्य, पण हे साहेबांना कोण समजावणार?

काय? पाचच मिनिटं? बरं, मराठीकडे येतो, भरभर.

ट्रंकेट अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'श्रीकृष्ण' म्हणजे ९ चिन्हं, २७ बाइट. २० वर कापा: 'श्रीकृ' उरतं आणि 'ष'चे दोन बाइट लोंबकळतात. वाचायला गेलात की पायथॉन ओरडतो.

उपाय असा. फाइल 'आर प्लस बी'ने उघडा, म्हणजे अक्षरं न लावता नुसते बाइट हाती येतात. कापायच्या जागेवरचा बाइट १२८ ते १९१मध्ये असेल तर तो चिन्हाच्या पोटातला. एकेक मागे या, २० वरून १८वर थांबाल. पण तेवढ्याने भागत नाही. १८ ऐवजी ६वर थांबलात तर चिन्हं शाबूत, हातात मात्र लंगडा 'श्'. म्हणून मी सरळ आधीच्या ओळीच्या शेवटापर्यंत मागे जातो. नव्या ओळीचा बाइट १०, तो यूटीएफ-८मध्ये दुसऱ्या चिन्हाच्या पोटात कधीच सापडत नाही. त्याच्या लगेच पुढे कापायचं.

आणि लांबी फाइलपेक्षा मोठी दिलीत, तर लिनक्सवर ट्रंकेट शून्य किमतीचे बाइट जोडून फाइल वाढवून देतो, तक्रार न करता. हो हो, उतरतो.