लघुलहरींचा माणूस: सेसिल गॉयडर

नमस्कार श्रोतेहो.

आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1953 ला. त्याआधी पुणेकर रेडिओ ऐकत नव्हते असं नाही. ऐकायचे, पण मुंबई. खोलीत एरियलची जाळी ताणायची, सेट तापेपर्यंत थांबायचं आणि काटा सरकवत खरखरीतून मुंबई हुडकायची. मुंबईचा आवाज दूरवर पोहोचावा कसा, हा हिशेब ज्यांनी मांडला त्या सेसिल गॉयडर यांच्याविषयी आज बोलायचं आहे. गाणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. प्रक्षेपक, म्हणजे आवाज लहरींवरून दूर पाठवणारं यंत्र, उभारणाऱ्याचं नाव मात्र उद्घोषकसुद्धा घेत नाही.

गोष्ट 1924 ची. लंडनच्या मिल हिल शाळेत गॉयडर शिकत होते, वय अठरा. हौशी रेडिओ मंडळींना तेव्हा 200 मीटरपेक्षा कमी लांबीच्या रेडिओलहरी, म्हणजे लघुलहरी (शॉर्ट वेव्ह), दिलेल्या होत्या. दिलेल्या म्हणजे काय, व्यापारी कंपन्यांना त्या निरुपयोगी वाटत, म्हणून पोरांच्या हाती ठेवल्या! त्याच लहरींवर 18 ऑक्टोबरला न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल नावाच्या मेंढपाळ शेतकऱ्याचे मोर्सचे, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीचे, कडकट्ट या विद्यार्थ्यानं टिपले आणि उलट उत्तर दिलं. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी, शाळेतल्या यंत्रावरून संभाषण! लघुलहरी जमिनीला चिकटून जात नाहीत. त्या वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावर, आदळतात आणि परतून दूर कुठेतरी उतरतात. थोड्या शक्तीत एवढा पल्ला मिळतो तो त्यामुळेच.

पुढे गॉयडर बीबीसीत गेले आणि 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून दिल्लीत आले. प्रमुख होते लायोनेल फील्डन. देश खंडाएवढा, आणि विस्तारासाठी सरकारनं ठेवलेले पैसे 40 लाख रुपये. मध्यम लहरीचं (मीडियम वेव्हचं) केंद्र आपल्या भोवतालचाच मुलूख सांभाळतं. त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या विजा. मध्यम लहरीवर त्यांची खरखर फार येते. तेवढ्या पैशांत मध्यम लहरींनी सारा देश व्यापणं शक्यच नव्हतं. गॉयडर यांनी मध्यम लहर शहरांपुरती ठेवली आणि दूरच्या मुलखासाठी लघुलहरी घेतल्या. दिल्लीचा लघुलहरी प्रक्षेपक डिसेंबर 1937 मध्ये सुरू झाला, मुंबईचा 1938 च्या आरंभी, त्याच वर्षी मद्रास आणि कलकत्ता.

यात एक अडचण आहे. लहर वरून उतरते, तेव्हा जवळचा पट्टा ती ओलांडूनही जाऊ शकते. आता पुणं मुंबईहून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत. म्हणजे नागपूरला ऐकू यावं आणि पुण्याला नाही, असंही घडू शकतं! त्यावर उपाय लहरीची लांबी बदलण्याचा. दिवसा आखूड लहर, रात्री 60 किंवा 90 मीटरसारखी लांब, म्हणजे ती जवळच उतरते. उष्ण प्रदेशासाठी हे पट्टे पुढे खास राखूनच ठेवले गेले.

गॉयडर 1946 पर्यंत इथे होते. दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षं त्यांनी हेच काम सांभाळलं. माझ्या मते त्यांचा निर्णय तेव्हाच्या पैशांत योग्यच होता, पण त्याची किंमत श्रोत्यानं भरली. आवाज लाटेसारखा चढायचा, बुडायचा. शिवाय लघुलहरी पकडणारा सेट महाग, वर वर्षाचा परवाना. नकाशावर आवाज गावोगाव पोहोचलेला आणि गावात सेट मात्र वाड्यावरच्या एखाद्याकडे, अशी स्थिती बरीच वर्षं राहिली. हा दोष अभियंत्याचा म्हणता येणार नाही.

तुमच्या माळ्यावर जुना वाल्व्हचा सेट असेल, तर त्याच्या काचेवर 60 आणि 90 मीटरचे आकडे आहेत का बघा. केवळ युरोपासाठी बनवलेल्या सेटवर ते सहसा नसत. असले, तर तो आपल्यासारख्या उष्ण मुलखासाठी बनवलेला आहे असं खुशाल समजा. आणि विकायला पुण्याच्या बुधवार पेठेत नेण्याआधी एकदा लावून बघा.

नमस्कार.