करवंटीतला जेथ्रो टल

(दृश्य: कौलांवर पाऊस, पागोळ्या, अंगणातलं पाणी. आवाज तसाच ठेवावा. निवेदन पागोळ्यांच्या शॉटवर सुरू.)

१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते आणि देवगडच्या खाडीतल्या बोटी वर ओढल्या जातात. त्यांच्यावर प्लास्टिक चढतं, वर झावळ्या बांधल्या जातात. इंजिनं ३१ जुलैपर्यंत गप्प.

(दृश्य: हाताचा क्लोजअप. पेन्सिल, कॅसेट.)

हा हात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींचा. नखांतलं ग्रीस बंदीच्या काळातही जात नाही. सहा कोनांची पेन्सिल कॅसेटच्या दातांत बरोब्बर बसते, आणि मेस्त्री ती गरागरा न फिरवता एकेक दात मोजत फिरवतात. ओल धरलेली पट्टी घाई केली की आतल्या आत चिकटते, मग सुटताना गाण्याचा तुकडा घेऊनच सुटते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कॅसेटला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. म्हणून या घरात कॅसेटी तांदळाच्या डब्यात राहतात. डबा उघडला की आधी तांदळाचा वास येतो. मग जेथ्रो टल.

(दृश्य: डब्यातून कॅसेट बाहेर. मास्तरांच्या अक्षरातलं लेबल.)

जेथ्रो टल हा इंग्लंडचा बँड. १९६७ संपता संपता जमला, पहिला अल्बम १९६८ चा, आणि आजही चालू आहे. २०२५ मध्येसुद्धा त्यांचा नवा अल्बम आला. या साठ वर्षांच्या आसपासच्या प्रवासात माणसं आली, गेली, एक बासरीवाला राहिला. इयान अँडरसन. तो एका पायावर उभा राहून बासरी वाजवतो. गावातल्या पोरांनी हे पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं तेव्हा ती म्हणाली, हा तर आपला कृष्ण, फक्त दाढीवाला.

बँडचं नाव अठराव्या शतकातल्या एका शेतकऱ्याचं आहे. त्याने १७०१ च्या सुमारास घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं, म्हणजे देशावरची पाभर समजा. सुरुवातीच्या दिवसांत हा बँड दर काही दिवसांनी नाव बदलायचा, कारण जुन्या नावाने क्लबवाले परत बोलवत नसत. ज्या नावावर पुन्हा बोलावणं आलं, ते चिकटलं. पहिल्या रेकॉर्डवर तर तेही चुकीचंच छापलं गेलं: ‘जेथ्रो टो’. आमच्याकडे भात लावतात, पाभर कुणाच्या घरात नाही. पण नाव इथे चांगलं रुजलं.

रुजवलं एका चाकरमान्याने. बोटीवर नोकरी करणारा माणूस गणपतीला घरी आला, पेटीत कॅसेटी होत्या. जाताना दोन इथेच राहिल्या. मास्तरांनी त्या कुठून कुठून आणखी जमवल्या, मुंबईत कुणाकडे रेकॉर्ड आहे म्हटलं की कोरी कॅसेट पोस्टाने पाठवून भरून घेतल्या.

(दृश्य: पडवी. सात माणसं. मधे करवंट्यांची ओळ.)

हे आमच्या फिल्मचं कारण. पडवीत सात करवंट्या, प्रत्येकीखाली एका गाण्याची चिठ्ठी. प्रत्येकाच्या मुठीत दहा काजूबिया. आवडीच्या गाण्याच्या करवंटीत हव्या तेवढ्या टाकायच्या, पण एका गाण्याला चारापेक्षा जास्त नाहीत. जेथ्रो टलचं पहिल्या नंबरचं गाणं कोणतं, हे एकदाचं ठरवायचं.

नियम आणखी एक आहे आणि तो सगळ्यांत कडक. त्या रात्री जे गाणं सगळ्यांनी मिळून अख्खं ऐकलं, त्यालाच मत. ‘माका माहीत असा’ चालत नाही. लाईट गेली तर थांबायचं, आली की सुरुवातीपासून. आम्ही शूट केलं त्या आठवड्यात लाईट किती वेळा गेली ते विचारू नका. एक गाणं तीनदा पहिल्यापासून वाजलं आणि कुणीही कंटाळल्याचं तोंड केलं नाही. फोनवर तीस सेकंद ऐकून पुढे ढकलायची सवय आम्हालाही होती. पहिल्या दोन रात्री आमचाच कॅमेरावाला चुळबुळत होता, ते फ्रेम हललेली दिसतेय त्यावरून कळेल.

(दृश्य: टेपरेकॉर्डरचं झाकण उघडं. कापूस, स्पिरिट, हेड.)

गाण्याआधी हेड पुसायचं काम सिस्टरांचं. त्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत, स्पिरिट आणि कापूस त्यांच्या हाताला रोजचाच. बघा, कापूस तपकिरी झालाय. ती पट्टीवरून झडलेली पूड. एवढं एवढं गाणं दर वेळी कापसावर येतं.

सिस्टरांचं मत ‘अ‍ॅक्वालंग’ला. १९७१ चं गाणं, लंडनच्या एका बेघर म्हाताऱ्याचं. अँडरसनच्या तेव्हाच्या बायकोने, जेनीने, अशा माणसांचे फोटो काढले होते, त्यावरून दोघांनी मिळून शब्द लिहिले. त्या म्हाताऱ्याची छाती पाणबुड्याच्या नळीसारखी घरघरते. सिस्टर म्हणतात, असा श्वास मी रोज ऐकते, फक्त त्यामागे गिटार नसते.

(दृश्य: मेस्त्री, चेहरा. पियानोची सुरुवात, मग ताल.)

मेस्त्री ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’चे. “ह्यां ऐकलां काय माका इंजिन आठावता.” आधी पियानो अंधारात चाचपडल्यासारखा. मग एकदम पकड. हे गाणं स्टुडिओत एकत्र जमेना, तेव्हा अँडरसनने स्वतःच बास ड्रम आणि हाय-हॅट वाजवून ठेवले, बाकीचे त्यावर नंतर वाजले. मेस्त्रींना यात काही नवल वाटत नाही. बंद पडलेलं इंजिन आधी एकट्याने चालू करून द्यावं लागतं, मग सगळे बोटीवर चढतात.

मेस्त्रींकडे एक तिकीट आहे. २९ नोव्हेंबर २००८, मुंबई, जेथ्रो टल आणि अनुष्का शंकर. २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि कार्यक्रम पुढे गेला. ५ डिसेंबरला तो मुंबईतच झाला, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी. मेस्त्री तोवर समुद्रावर होते.

(दृश्य: तिकीट. पाच सेकंद. निवेदन नको.)

(दृश्य: पखवाज, शाई, कणीक. भाचा ठेका धरतो.)

भजनी बुवांचा भाचा पखवाज वाजवतो. ‘लिव्हिंग इन द पास्ट’ लागलं की त्याची बोटं गप्प बसत नाहीत. १९६९ चं हे गाणं पाच मात्रांत आहे आणि तसं असूनही इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसरं आलं होतं. पाच म्हणजे झपतालाचा अर्धा. त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं, साहेबाचा हात चुकतोय. दुसऱ्यांदा वाजवून बघितलं. आता तो डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, आधी हात मोकळा करायला हेच वाजवतो, पण गावात कुणाला सांगितलेलं नाही. आता कळेल.

(दृश्य: बुवा, पेटी.)

बुवा डबलबारीचे. रात्र रात्र समोरच्या बुवाला सवाल करायचे, त्याचा सवाल परतवायचा, कोण वरचढ ते समोर बसलेली माणसं ठरवणार. म्हणजे गाण्यांचे नंबर लावणं त्यांना परकं नाही. त्यांचं गाणं ‘बुरे’, बाखच्या एका नृत्यधुनेवरून बांधलेलं, शब्द नाहीत, बासरीच बासरी. ती फुंकताना अँडरसन मधूनच घशातून गुणगुणतो, आणि बासरी खरखरीत होते. त्याला बासरी कुणी शिकवली नव्हती. वीसेक वर्षं जगभर वाजवून झाल्यावर मुलगी बासरी शिकायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं चुकीची पडतायत. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतलं. ही गोष्ट बुवांनी आम्हाला तीनदा सांगायला लावली, आणि तीनही वेळा पेटीवरची आपली करंगळी बघितली.

(दृश्य: कुणगा म्हणजे भाताचं खाचर, पॉवर टिलर, चिखल. लांबचा शॉट. मागे डोंगरावर पवनचक्क्या.)

बागायतदारांचं ‘हेवी हॉर्सेस’, १९७८ चं, ट्रॅक्टर आल्यावर नांगराचे थोराड घोडे नाहीसे झाले त्यावरचं. यांच्या गोठ्यातली शेवटची बैलजोडी गेली, टिलर आला. अँडरसन पुढे स्कॉटलंडच्या स्काय बेटावर सामन मासे पाळत होता, हे कळल्यावर बागायतदारांनी आंब्याऐवजी कोळंबीचा विचार केला होता. तेवढ्यापुरताच. मुंबईला शिकणाऱ्या मुलीने ‘बुडापेस्ट’ला चार बिया टाकल्या. दुसऱ्या कुणी एकही टाकली नाही.

(दृश्य: कॅसेट, ‘९०’ हा आकडा. मास्तर.)

आता खरं भांडण. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’, १९७२. ‘अ‍ॅक्वालंग’ ज्या अल्बमवर आहे, त्याला समीक्षक एका कल्पनेभोवती रचलेला अल्बम म्हणाले. अँडरसन म्हणाला, असं? मग आता खरोखरचा करून दाखवतो, आणि त्याची टिंगल म्हणून एकच गाणं लिहिलं, जवळजवळ ४४ मिनिटांचं. शब्द म्हणे आठ वर्षांच्या एका मुलाने लिहिलेले. तो मुलगाही त्याने रचलेला, आणि रेकॉर्डला गुंडाळलेलं बारा पानी वर्तमानपत्रही. बुवा म्हणाले, ह्याला आम्ही बारीतला जबाब म्हणतो.

मेस्त्रींचा आक्षेप साधा. रेकॉर्डच्या दोन बाजूंवर आहे, म्हणजे दोन गाणी. दोन करवंट्या ठेवा.

मास्तरांनी वाद घातला नाही, कॅसेट पुढे केली. नव्वद मिनिटांची. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची असते. अख्खं गाणं एकाच बाजूत मावलंय. मुंबईत भरताना ज्याने रेकॉर्ड उलटी केली त्याचा तेवढा ‘टक’ मधे ऐकू येतो.

(ध्वनी: वाऱ्याचा आवाज विरत जातो. टक. पुन्हा संगीत. हा भाग कापू नये.)

या घरात हे गाणं कायम असंच ऐकलं गेलंय. त्या ‘टक’सकट. निकाल बुवांनी दिला: “भजन एकच. रूपावली इली, गवळण इली, गजर इलो, म्हणून चार भजना होतत काय?” करवंटी एकच राहिली. आमची खुशी चेहऱ्यावर दिसू नये म्हणून आम्ही कॅमेऱ्याच्या मागे होतो.

(दृश्य: बिया करवंटीत पडताना. वरून शॉट. आवाज मोठा.)

सत्तर बिया. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ १५, ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ १४, ‘लिव्हिंग इन द पास्ट’ आणि ‘अ‍ॅक्वालंग’ ११-११, ‘बुरे’ ९, ‘हेवी हॉर्सेस’ ६, ‘बुडापेस्ट’ ४.

मेस्त्रींनी पंधरा बिया पुन्हा मोजल्या. एक उचलून उजेडात धरली. बारीक भोक. किडकी. किडकं मत मोजायचं का? बरोबरी धरायची का? तेवढ्यात लाईट गेली.

(दृश्य: अंधार. मग चूल.)

टेपरेकॉर्डरचा पट्टा त्या आठवड्यात दोनदा सुटला, तसा आता बाजारात मिळत नाही. घराची वाटणी दिवाळीनंतर आहे, पडवी कुणाच्या वाट्याला येईल ते ठरलेलं नाही. मुलगी मुंबईला गेली. १ ऑगस्टला बोटी पाण्यात.

त्या आधीच्या रात्री मतं भाजली. काजूची बी विस्तवावर टाकली की टरफलातलं तेल पेट घेतं, चरचरतं, अंगावर उडतं. म्हणून सगळे लांब उभे आहेत आणि हातात लांब काठ्या आहेत. फोडताना बोटं काळी होतात, आठवडाभर तशीच राहतात. एकेक गर पानावर पडत होता आणि कोणता कुठल्या गाण्याचा हे आता सांगता येण्यासारखं नव्हतं.

किडकी बी मेस्त्रींनी वेगळी ठेवली होती, दगडावर, सगळ्यांसमक्ष फोडू म्हणून. ते पाणी प्यायला आत गेले. बुवांच्या भाच्याने ती फोडली आणि तोंडात टाकली.

(दृश्य: भाचा चघळतोय. मेस्त्री बाहेर येतात, दगडाकडे बघतात. आवाज: पाऊस.)