बाळाचे वजन, आईचे वजन आणि अंगावरचे दूध

श्रोतेहो, नमस्कार. बाळंतीण घरी येऊन चार दिवस होत नाहीत, तोच कोणीतरी बाळाकडे पाहून म्हणते, "बाळ उतरलं गं, तुला दूध पुरत नाही वाटतं." या वाक्याने नवी आई आतून खचते आणि घरात वरच्या दुधाचा डबा येतो. म्हणून आज वजनाविषयीच बोलणार आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत निरोगी बाळाचेही वजन साधारण पाच ते सात टक्के घटते, म्हणजे तीन किलोचे बाळ दीडशे-दोनशे ग्रॅमने हलके होते. अंगातले जादा पाणी निघून जाते, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. या दिवसांत आईला पिवळसर, घट्ट चीक येतो. तो चमच्यांनी मोजावा इतकाच असतो, पण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात भरपूर असतात. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो आणि आईचा चीक मात्र काही घरांत अजूनही पिळून टाकला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते. घट दहा टक्क्यांहून अधिक झाली, किंवा दोन आठवड्यांतही जन्माचे वजन भरून निघाले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लघवी करत असेल आणि वजन चढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

वरचे दूध सुरू केले की पोट भरलेले बाळ स्तन कमी ओढते, आणि जितके कमी ओढले जाते तितके दूध कमी बनते. अशा रीतीने जी भीती निराधार होती ती आपल्याच हातांनी खरी होते. दुसरी एक गोष्ट अशी की, अंगावर पिणारे बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढते आणि नंतर डब्याच्या दुधावरच्या बाळापेक्षा थोडे सावकाश वजन घेते. जुने वाढीचे तक्ते बव्हंशी वरच्या दुधावरील मुलांच्या मोजमापांवर बेतलेले असल्यामुळे ही निरोगी बाळे त्यांत मागे पडलेली दिसत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील स्तनपान करणाऱ्या बाळांच्या अभ्यासावरून 2006 साली नवे तक्ते प्रसिद्ध केले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली.

आता आईचे वजन. पहिल्या सहा महिन्यांत आई रोज सुमारे पाऊण लिटर दूध देते, त्यासाठी तिला रोज 600 किलोकॅलरी अधिक लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. गरोदरपणी साठलेली चरबी यात हळूहळू खर्ची पडते. परंतु हा परिणाम प्रत्येकीत सारखा नसतो, आणि सोबत डिंकाचे व अळिवाचे लाडू तुपासह दिवसभर चालू असतील तर तो दिसतही नाही. मात्र वजन घटवण्यासाठी या काळात उपाशी राहू नये. ज्या आईचे वजन गरोदरपणातच पुरेसे वाढले नव्हते, तिचे दूध सहसा आटत नाही, तिचे शरीर झिजत जाते. अशा घरात डब्यासाठी जाणारा पैसा आईच्या ताटात डाळ, अंडी, भाजी आणि शेंगदाणे यांवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

पाजल्याने गर्भाशय लवकर आकुंचन पावते व रक्तस्राव कमी होतो, पुढील आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाचा व मधुमेहाचा धोका घटतो. बाळाला जुलाब आणि न्यूमोनिया कमी होतात.

काही मातांना खरोखरच दूध कमी येते, काहींची बाळे फार लवकर जन्मतात. त्यांना कोणीही दोष देऊ नये. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. इतरांनी पहिले सहा महिने पाणीसुद्धा न देता केवळ अंगावरचेच दूध द्यावे. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाचे वजन करून घ्या आणि डब्याचा विचार मनात आला, तर आधी तो आकडा त्यांना दाखवा.