पार्किंग लॉटमधला खेळ

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतलं उपनगर म्हटलं की घरं, हिरवळ, गाड्या आणि मध्ये एक सरकारी हायस्कूल. नववी ते बारावी, चार वर्षं, फी नाही. बराचसा खर्च तिथल्या घरपट्टीतून निघतो. म्हणजे ज्या गावात घरं महाग, तिथली शाळा श्रीमंत. हे मला कधीच पटलेलं नाही, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय आहे पार्किंग लॉट. हो, शाळेचा पार्किंग लॉट! उपनगरात गाडीवाचून पान हलत नाही. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची पोरं गाडी चालवत शाळेत येतात आणि त्यांच्या गाड्यांसाठी शाळेला जागा करावी लागते.

न्यू जर्सी राज्यात मेपलवूड नावाचं गाव आहे. तिथलं कोलंबिया हायस्कूल. साल 1968. जोएल सिल्व्हर नावाचा विद्यार्थी उन्हाळी शिबिरात फ्रिसबीचा, म्हणजे हवेत फेकायच्या प्लॅस्टिकच्या चकतीचा, एक सांघिक खेळ शिकून आला होता. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत त्यानं ठराव मांडला, की शाळेत फ्रिसबी सुरू करावी. चेष्टा होती हो सगळी! पण ठराव झाला मंजूर.

मग सामना कुणाकुणात? एका बाजूला विद्यार्थी परिषद, दुसऱ्या बाजूला शाळेचं वर्तमानपत्र काढणारी मुलं. पुढे ही मंडळी शाळेच्या नव्या पार्किंग लॉटमध्ये खेळू लागली. का? तर तिथे रात्री दिवे असत. गाड्यांसाठी लावलेले दिवे, खेळ मात्र ह्यांचा.

खेळ असा. चकती हातात असताना पळायचं नाही. पुन्हा सांगतो, पळायचं नाही, फेकायची. खाली पडली की ती समोरच्यांची. पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्यानं झेलली की गुण. फाऊल झाला तर खेळाडूंनीच सांगायचा आणि आपसांत मिटवायचा. आजही ह्या खेळाच्या बहुतेक स्पर्धांत पंच नसतो. पंच नाही, श्रोतेहो! मैदानाच्या कडेला उभं राहून लेकरांवर ओरडणाऱ्या आईबापांना मी एकदा तरी असला सामना दाखवीन. ओरडायचं कुणावर?

1970 साली सिल्व्हर, बझी हेलरिंग आणि जॉन हाइन्स ह्या तिघांनी नियम लिहून काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेजारच्या मिलबर्न हायस्कूलशी सामना झाला. दोन शाळांमधला हा पहिला सामना कोलंबियानं 43-10 असा जिंकला. खेळाचं नाव पडलं अल्टिमेट. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं त्याच्या जागतिक महासंघाला मान्यता दिली.

बाकी शाळेबद्दल, म्हणजे पिवळ्या बसगाड्या, वार्षिक अंक, वाद्यवृंद, बरंच सांगायचं होतं. वेळ थोडा उरलाय, तेव्हा गोष्टच पुरी करतो.

मुलं पास होऊन कॉलेजांत गेली आणि खेळ बरोबर घेऊन गेली. 6 नोव्हेंबर 1972, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, दोन कॉलेजांमधला पहिला सामना. जागा? पुन्हा पार्किंग लॉट! ह्याच जागी, ह्याच तारखेला, 1869 साली ह्याच दोन कॉलेजांनी अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना खेळला होता. तेव्हा रटगर्स जिंकलं, 6-4. आणि 1972 लाही रटगर्सच, 29-27. दोन्ही वेळा फरक दोनाचाच. प्रिन्स्टनवाल्यांपुढे हा विषय काढू नये, हे बरं!